चंपाषष्ठी, गुऱ्हाळ आणि खंड्या

गावठी कुत्र्यांचे वाढदिवस बहुतेक हिवाळ्यातच येतात. पावसाळा सरता सरता कुत्र्या माजावर येतात, दोन महिन्यांनी वितात, आणि थंडीत पारावर, गोठ्यात नाहीतर बांधकामाच्या वाळूवर कुडकुडणारं पिल्लू कुणीतरी उचलून घरी आणतं. तोच त्याचा वाढदिवस ठरतो. त्यामुळं नोव्हेंबर ते जानेवारी कोल्हापुरात कुत्र्यांना फिरवून आणायची हौस जोरात असते. कुणी पन्हाळ्याला, कुणी मसाई पठारावर, कुणी जोतिबाच्या डोंगरावर. गंगावेशीजवळच्या माझ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब येतो: जुलाब, पायात काटा, कानात गोचीड. चॉकलेटचा केक खाऊ घालणाऱ्यांना मी जरा जास्तच बोलते, ते असो.

सांगायचंय ते एका चंपाषष्ठीचं. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्याकडं या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य असतो, आणि कुत्रं हे खंडोबाचं, म्हणून त्यालाही घास काढतात. वडणग्याच्या एका घरात हा घास खंड्याचा. तांबडा, एक कान कायमचा पडलेला, अंगानं बेताचा गावठी गडी. पिल्लू असताना चंपाषष्ठीच्याच दिवशी आबांना उसाच्या फडाकडेला सापडला, म्हणून देवानंच धाडला अशी आबांची पक्की समजूत. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला भंडारा, आणि आबा व त्यांची कॉलेजात शिकणारी नात त्याला घेऊन रानात जाणार. तिथंच शेजारच्या भावकीचं गुऱ्हाळ. नैवेद्य दाखवायचा, खंड्याला घास द्यायचा, गरम काकवी खायची, उन्हात बसायचं.

साडेअकराच्या सुमाराला नातीचा फोन आला. मागं आबा ओरडत होते, माणसांचा गलका होता.

"मॅडम, खंड्याला साप चावला. चिपाडाच्या ढिगात तोंड घातलं आणि ओरडलाच. तोंड सुजायला लागलंय."

"आधी त्याचा पट्टा काप," मी म्हटलं. "माळही. सोडवत बसू नकोस, काप."

कुत्रं हुंगत पुढं जातं, म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो. तोंडावरची सूज बघता बघता गळ्यापर्यंत उतरते आणि सकाळी सैल असणारा पट्टा तासाभरात फास होऊन बसतो. मग बाकीचं सांगितलं: चालवू नका, उचलून आणा. चिरू नका, बांधू नका, चोखू नका, कुणालाही इंजेक्शन मारू देऊ नका. गुळव्या मागून तूप आणि काकवी पाजायला सांगत होता. पोरीनं त्याला हात जोडले आणि गाडीत बसली.

साप बघायला मागं फिरू नका, हेही सांगितलं होतं. पण एका पोरानं लांबून मोबाईलवर घेतला होता. व्हिडिओ माझ्याकडं आला तेव्हा ते अजून वाटेत होते. गुऱ्हाळावर सगळ्यांनी अजगराचं पिल्लू ठरवून टाकलं होतं. अंगावर साखळीसारख्या ओवलेल्या गडद लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी, त्रिकोणी डोकं, आणि कुकरची शिट्टी सुटावी तसा लांबलचक फुत्कार. अजगर कसला, घोणस होती.

थंडीत साप बिळात झोपतात, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. आपल्याकडची थंडी ती काय! घोणशीचा तर जोडी जमवायचा काळच हिवाळ्यात असतो, त्यामुळं ती एरवीपेक्षा जास्त दिसते. रात्रीच्या गारठ्यानं आखडलेलं अंग सकाळी ऊन चढलं की ती शेकायला बाहेर काढते. आणि गुऱ्हाळासारखी जागा तिला दुसरी कुठं मिळणार? रस काढून उरलेली चिपाडं चुलवणात घालायला आवारभर वाळत टाकलेली, शेजारी ढीग. खाली ऊब, वर ऊन. गोडाला उंदीर येतात, उंदरांमागं घोणस. वाढदिवसाच्या सहलीची वेळ आणि तिची शेकायची वेळ एकच.

शिवाजी पुलावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. ते पोचले तेव्हा खंड्याचा डावा गाल आणि ओठ मिळून एक गोळा झाला होता. दोन दातांच्या खुणा स्पष्ट, आणि त्यांतून रक्त झिरपत होतं. जोरात नाही, पण थांबतही नव्हतं. कापूस दाबून धरला की लाल, बदलला की पुन्हा लाल. मला ते आवडलं नाही.

घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं, आणि मग मूत्रपिंडावर उतरतं. ते अंगात कितपत भिनलंय हे बघायला मोठी मशिनरी लागत नाही. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायची. नळी काचेचीच हवी आणि साबणानं धुतलेली नको, नाहीतर निकाल फसतो. आता सगळीकडं प्लॅस्टिकच्या नळ्या आल्यात, म्हणून काचेच्या काही मी कपाटात वेगळ्या जपून ठेवते. आमचा मदतनीस त्यांना मॅडमची भांडी म्हणतो.

ती वीस मिनिटं आबा बाकावर मांडीवर डबा घेऊन बसले होते. डब्यात नैवेद्य. घास द्यायच्या आधीच सगळं झालं होतं. मी शीर धरून सलाईन सुरू केलं, आणि कोपऱ्यातली नात मोबाईलमध्ये वेळ बघत राहिली.

नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहून काठाला आलं.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारांवर मिळून एकच प्रतिविष आपल्याकडं मिळतं, एएसव्ही. माणसांसाठी बनतं, तेच आम्ही वापरतो. माझ्या फ्रिजमध्ये दोन व्हायल होत्या. पोरीच्या हातात चिठ्ठी दिली आणि आणखी आणायला सांगितलं. ती चिठ्ठीवरचा आकडा बघून थबकली.

"एवढ्याशा कुत्र्याला एवढ्या?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. बाकीची औषधं आम्ही वजनावर देतो, पण इथं औषध कुत्र्याला द्यायचं नसतं, विषाला द्यायचं असतं. चावताना घोणस कुत्र्याचं वजन करत नाही. दहा मिलीलिटरची एक व्हायल तिचं साधारण ६ मिलिग्रॅम विष मारते, आणि एका दंशात ती त्याच्या कित्येक पट विष सोडू शकते. उलट जीव लहान असेल तर तेवढंच विष थोड्या रक्तात भिनतं. लहान जिवात बघायचं ते एकच, की पाणी जास्त होऊन छातीवर येऊ नये. पोरीला हे सगळं सांगत बसले नाही. "जा," एवढंच म्हटलं.

पहिल्या व्हायलची पूड पाण्यात विरघळवताना मी हात मुद्दाम सावकाश चालवते. हलवली की फेस होतो, नुसती फिरवायची. शेजारी ॲड्रिनॅलिनची सिरिंज भरून ठेवलेली. थेंब थेंब सुरू केलं आणि थोड्या वेळानं जे नको होतं तेच झालं. खंड्यानं उलटी केली, पोटावर गांधी उठल्या, हिरड्या फिक्या पडल्या. ड्रिप बंद. ॲड्रिनॅलिन. प्राणवायूचा मास्क त्या सुजलेल्या तोंडावर नीट बसेना, मदतनीस हातानं धरून उभा. दार अर्धवट उघडं होतं आणि आबांनी ते सगळं बघितलं.

"औषधच बाधलं का काय?"

"हो," मी म्हटलं. "घोड्यांना थोडं थोडं विष टोचून, त्यांच्या रक्तातनं हे काढतात. घोड्याचं काही अंगात गेलं की एखाद्याचं अंग असं भांडतं."

"मग नको द्यायला."

"द्यायलाच लागणार, आबा. दुसरं औषध नाही."

त्यांनी भंडाऱ्याची पुडी काढली, खंड्याच्या पायाला चिमूटभर लावली आणि बाहेर जाऊन बसले. भंडाऱ्याला मी हरकत घेत नाही, जखमेवर नसला म्हणजे झालं. नाडी सुधारल्यावर तेच प्रतिविष पुन्हा, आणखी हळू सुरू केलं. या खेपेला अंगानं ऐकलं. नात बाकीच्या व्हायल घेऊन आली ती घामाघूम होऊन, डिसेंबरात.

सहा तासांनी पुन्हा नळी. तिरकी केली तर खाली घट्ट गोळी बसलेली, हललीही नाही. मदतनिसानं ती आबांना नेऊन दाखवली. आबांना त्यात काय बघायचं ते कळलं नाही, पण पोराचं तोंड बघून कळलं.

रात्र मात्र लघवीची वाट बघण्यात गेली. असल्या केसमध्ये कुत्रं शेपूट हलवतंय याला मी फारशी किंमत देत नाही. लघवी किती होते आणि कुठल्या रंगाची, यावर माझं लक्ष. रक्त सुधारूनही दोन-तीन दिवसांनी मूत्रपिंडानं दगा दिलेली कुत्री मी बघितलीत. पहाटे खंड्यानं टेबलाखालच्या बादलीवर पाय वर केला. आधी चहाच्या रंगाची, दुपारपर्यंत पिवळी. मूत्रपिंड थकलं की रक्तात चढतं ते क्रिएटिनिन पुढचे काही दिवस तपासत राहिलो, ते चढलं नाही. ओठाजवळची चामडी काळी पडून निघाली आणि तिथं एक खळगा राहिला, एवढंच.

घरी सोडायच्या दिवशी आबा पुन्हा डबा घेऊन हजर. राहिलेला घास आज देतो म्हणाले, घरी मुद्दाम भरीत केलंय. मी झाकण उघडलं. वांगं, मिरची, कोथिंबीर, आणि मूठभर बारीक चिरलेला कच्चा कांदा.

"दरवर्षी हेच देता त्याला?"

"तर! चातुर्मासात आमच्यात कांदा-वांगं बंद. चंपाषष्ठीला सुटतं. मग पयला घास त्येचा."

कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे मी त्यांना समजावलं. चिमूटभरानं काही होत नसेल, पण एवढं रक्त गेल्यावर त्याला तो मुळीच नको. रोडगा चालेल, नुसतं भाजलेलं वांगं थोडं चालेल, मिरचीबिगर. आबांनी ऐकून घेतलं, डब्याकडं बघितलं.

"लसूण तरी?"

"लसूण पण नाही."

"मग ते भरीत कसलं हो, मॅडम?"