जरा खोका बघू, काका

माझ्या उजव्या जांघेत आलेली गाठ म्हणजे हर्निया (पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर येणे) आहे, हे आमच्या पेठेतल्या डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात सांगितले आणि शस्त्रक्रियेसाठी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला. तिथे खर्च कमी येतो आणि जुनेजाणते सर्जन मिळतात, ही त्यांची दोन्ही कारणे खरी ठरली. मात्र त्या जुन्याजाणत्या सर्जनपर्यंत पोचण्याच्या वाटेवर किती नवे डॉक्टर भेटतात, हे सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले. पुण्यात अशी शिकवणारी रुग्णालये अनेक आहेत, त्यामुळे हे नेमके कोणते, याचा तर्क वाचकांनी करत बसू नये.

वॉर्डात माणसे ओळखायला थोडा वेळ लागतो. साडेचार वर्षांचे एमबीबीएस करणारे विद्यार्थी, त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप करणारे इंटर्न, त्यांच्यावर पदव्युत्तर शिक्षण घेणारे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट, मग लेक्चरर आणि सर्वांत वर युनिटचे सर, अशी ती उतरंड असते. पांढरा कोट बहुतेकांच्या अंगावर असतो. पण कोट इस्त्रीचा आणि गळ्यातला स्टेथोस्कोप नवाकोरा असेल तर तो विद्यार्थी समजावा, आणि कोटाच्या खिशात चार जणांच्या रक्ताचे रिपोर्ट कोंबलेले असून जो उभ्या उभ्या डुलक्या घेत असेल तो पहिल्या वर्षाचा रेसिडेंट.

विद्यार्थ्यांचे पहिले काम म्हणजे 'हिस्टरी घेणे'. नाव, वय, गाव आणि व्यवसाय यांपासून सुरुवात होते आणि जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर करावा लागणे, जड ओझी उचलणे असे प्रश्न येतात, कारण पोटातला दाब वाढवणारी कोणतीही गोष्ट हर्नियाला हातभार लावू शकते. व्यवसाय बँकेतली नोकरी, असे सांगितल्यावर एका मुलाने नाण्यांच्या पिशव्या उचलत होतो का, हे अत्यंत गांभीर्याने विचारले. केरळहून आलेल्या एका विद्यार्थ्याने मराठी प्रश्न उत्तम पाठ केले होते. अडचण एवढीच होती की उत्तरे त्याला पाठ नव्हती. "तसं पाहिलं तर होतं साफ, पण समाधान म्हणून होत नाही," या माझ्या तपशीलवार निवेदनानंतर त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि वहीत 'नॉर्मल' असे लिहिले.

त्यानंतर तपासणी, आणि प्रत्येक तपासणीत ते अटळ वाक्य: "काका, जरा खोका बघू." हर्नियाची गाठ खोकल्याबरोबर फुगते, म्हणून खोकणे आवश्यक असते, हे मला मान्य आहे, परंतु एकामागून एक इतक्या जणांसाठी खोकल्यावर घसा खरोखर बसला आणि सकाळच्या राउंडला सरांनी हा खोकला कधीपासून आहे, अशी चौकशी केली. सर्वांत रंगतदार परीक्षा मात्र बोटाने दाबून पाहण्याची होती. जांघेच्या लिगामेंटच्या मध्यबिंदूच्या सुमारे सव्वा सेंटिमीटर वर बोट दाबून धरायचे आणि रुग्णाला खोकायला सांगायचे. गाठ आली नाही तर हर्निया इनडायरेक्ट, म्हणजे बोटाखालच्या वाटेने येणारा, आणि बोटाच्या आतल्या बाजूने आलीच तर डायरेक्ट, म्हणजे पोटाच्या भिंतीतून थेट बाहेर येणारा. तत्त्व सोपे असले तरी तो मध्यबिंदू टेपने मोजूनही प्रत्येकाला निराळ्या जागी सापडत होता, आणि त्यानुसार माझा हर्निया सकाळी डायरेक्ट तर दुपारी इनडायरेक्ट होत होता.

नवखेपणाचा मला राग आला नाही, कारण प्रत्येक नवख्याच्या मागे त्याची चूक पकडणारा कुणीतरी उभा होता. राग आला तो दहा जणांनी खाटेभोवती गोळा होऊन, नावही न सांगता, थेट पांघरूण बाजूला करण्याचा. कुणी न सांगता स्वतःहून पडदा ओढून घेणारी आणि "तपासू का?" असे विचारणारी पहिली व्यक्ती एक इंटर्न मुलगी होती, आणि हे तिला कोणत्या सरांनी शिकवले असेल असे मला वाटत नाही.

सलाइनची सुई लावण्याचे काम तिच्याच वर्गातल्या एका मुलाकडे आले. गुलाबी सुई वीस गेजची आणि निळी बावीसची, म्हणजे आकडा वाढला की सुई बारीक होते, ही माहिती त्याने मला अगदी व्यवस्थित दिली. शीर मात्र दिली नाही. "काका, तुमची शीर पळते," असे तो म्हणाला, तेव्हा ती कशामुळे पळत असावी याविषयी मी माझे मत राखून ठेवले. अखेर सिस्टर आल्या. हात खाटेखाली लोंबता सोडायचा, दोन शिरा जिथे एकत्र येतात ती जागा निवडायची, कारण तिथे शीर हलत नाही, आणि अंगठ्याने कातडी खाली ताणून धरायची, हे सर्व त्यांनी त्याच्याकडूनच करून घेतले. त्या रुग्णालयात शिकवण्याचा पगार कुणाला मिळतो हे मला ठाऊक आहे, पण शिकवते कोण हेही मी पाहिले.

शस्त्रक्रियेच्या आधी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आली, आणि हर्निया ही त्या परीक्षेतली हमखास केस असल्यामुळे सरांनी रीतसर विचारून मला थांबवून घेतले. घामाघूम झालेल्या एका परीक्षार्थीने परीक्षक वळताच "काका, डायरेक्ट की इनडायरेक्ट?" असे कुजबुजत विचारले. त्याची दया येऊन मी "इनडायरेक्ट" असे सांगितले. परीक्षकांनी निदान ऐकून मान डोलावली आणि पुढे विचारले, "हे कशावरून म्हणता?" त्यावर त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिले, पण आता परीक्षकही माझ्याकडेच पाहत होते.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री शेजारच्या खाटेवरील निवृत्त शिक्षकांनी मला धीर देण्यासाठी सांगितले की, १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या अपेंडिक्सचे ऑपरेशन केले, तेव्हा मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ते पुरे करावे लागले. तिथे सर्जन अनुभवी होता आणि उजेड नव्हता. माझ्या बाबतीत उजेड भरपूर असणार, या विचाराने मला झोप लागली नाही.

भूल कमरेखालची होती. कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामधली फट शोधताना रेसिडेंटला आधी हाड लागले, मग भूल देणाऱ्या मॅडमनी बोट ठेवून जागा दाखवली आणि पाय गरम होत जड झाले. या भुलीत रुग्ण जागा राहतो, हे मात्र हिरव्या पडद्यापलीकडची मंडळी विसरली होती.

"हा कोणता नर्व्ह?"

"इलिओइंग्वायनल, सर."

"मग तुमची कात्री तिथे काय करते आहे?"

यानंतर जी शांतता पसरली, तिच्यात मी खाकरलो. सर पडद्यावरून डोकावून म्हणाले, "काका, आता खोकू नका." कमकुवत जागेवर आधाराची जाळी बसवण्याचे मुख्य काम त्यांनी स्वतः केले, टाके रेसिडेंटने घातले, आणि ते चांगले घातले.

घरी जाताना दुचाकी कधी चालवावी, हा पुण्यातल्या माणसाचा खरा प्रश्न मी विचारला. इंटर्नने तीन महिने थांबा म्हणून सांगितले, रेसिडेंटने सहा आठवडे, आणि सरांनी दुखत नसेल तर पंधरा दिवसांनी चालवायला हरकत नसल्याचे सांगितले. सिस्टरनी डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात देत विचारले, "गाडी किकची आहे की बटणाची?" इतक्या जणांनी माझी हिस्टरी घेतली होती, पण हा प्रश्न त्यांपैकी एकालाही सुचला नव्हता.