आमची वाटचाल : शेवटच्या घरापर्यंत फायबर

आमची सुरुवात तांब्याच्या तारेवर झाली. टेलिफोन एक्स्चेंजशेजारच्या ग्राहकाला चांगला वेग मिळायचा, तीन किलोमीटरवरच्याला मात्र तेवढ्याच पैशांत रखडत चालणारं इंटरनेट. त्याचं बोलणं ऐकून घ्यावं लागे, कारण ते खरं होतं. अंतर वाढलं की तांब्यातला सिग्नल क्षीण होतोच, मोडेम बदलून काही साधत नाही.

फायबरकडे, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूकडे, वळलो ते यासाठीच. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या संशोधकांनी मांडलं होतं, की काच पुरेशी शुद्ध केली आणि वाटेत होणारी प्रकाशाची घट किलोमीटरला २० डेसिबलवर (डेसिबल हे त्या घटीचं माप) आणली तर प्रकाशातून संदेश धाडता येतील. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला तीच घट किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल आहे. म्हणजे अंतर हे आता टोकाच्या घराला नाही म्हणण्याचं कारण उरलेलं नाही.

पहिलं स्प्लायसिंग मशीन, म्हणजे दोन फायबर जोडणारं यंत्र, कर्ज काढून घेतलं. १२५ मायक्रॉन जाडीची काच सोलायची, अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने सरळ कापायची आणि मग टोकं वितळून जुळावीत म्हणून विजेचा आर्क द्यायचा. धुळीचा एक कण राहिला तरी जॉइंट पुन्हा करायचा. हे काम मी अजूनही स्वतः बसून करतो, ते मला मनापासून आवडतं.

एका घरी ओएनटीवरचा, म्हणजे फायबर येऊन जोडतो त्या घरातल्या डब्यावरचा, लाल दिवा थांबेचना. येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर उणे २९ डीबीएम दाखवत होता, म्हणजे प्रकाश फारच क्षीण. दोन रात्री आम्ही क्लोजरमागून क्लोजर (वाटेतले जोड ठेवलेले बंद डबे) उघडले. शेवटी ओटीडीआर, म्हणजे काचेत प्रकाश सोडून दोष कुठे आहे ते रेघेवर दाखवणारं यंत्र, लावला, तर १३१० नॅनोमीटरला रेघ ठीक आणि १५५० ला एके ठिकाणी खड्डा. अशी खूण दिसली की वायर कुठेतरी मुडपलेली असते. कपाटामागे आमच्याच माणसाने ती कोपऱ्यात दाबून बसवली होती. मोकळी केली आणि रीडिंग उणे २१ वर आलं. तेव्हापासून घरातली वायर कशी वळवली आहे हे पाहिल्याशिवाय आम्ही कनेक्शन सोडत नाही.

जीपॉनमध्ये, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरं जोडण्याच्या पद्धतीत, आमच्याकडच्या एका पोर्टचे सेकंदाला अडीच गिगाबिट सगळ्या घरांत वाटले जातात. एका फायबरचा प्रकाश बत्तीस वाटांत विभागणारा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डेसिबल खातो, वीस किलोमीटरच्या काचेपेक्षा कितीतरी जास्त. चौसष्ट घरं जोडली तर खर्च वाचतो, हे खरं. आम्ही बत्तीसवरच थांबतो आणि त्यातल्याही काही जागा मोकळ्या ठेवतो, उद्या कुणी मागायला आलं तर.

दारावरून केबल गेली म्हणजे घर जोडलं, असा हिशेब या धंद्यात सर्रास होतो. मला तो मान्य नाही. आमच्या वहीत घर चढतं ते आत हिरवा दिवा लागल्यावर. खोदकामाच्या परवानगीसाठी एका कार्यालयात वर्षभर खेटे घातले ते सार्वजनिक वाचनालयासाठी, कारण ज्यांच्या घरी कनेक्शन परवडत नाही ते तिथेच येऊन बसतात. तिथला दिवा लागला. त्याच फाट्यावरची पुढची तेरा घरं बाकी आहेत, उद्या सकाळी तिथला क्लोजर उघडायचा आहे.