डावा कान, उजवा कान

माझा डावा इअरफोन परवा मेला. एरवीची गाणी एका कानावर निभावून जातात, पण 'सच ग्रेट हाइट्स' लावलं आणि सुरुवातीलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यातले ते टुकटुक आवाज या कानातून त्या कानात उड्या मारतात, पोरं चेंडू झेलतात तसे. आता गेलेला चेंडू परतच येईना.

गाणं 'द पोस्टल सर्व्हिस' या बँडचं, २००३ च्या 'गिव्ह अप' अल्बममधलं. बँड म्हणजे मुळात दोघं: लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो आणि सिएटलकडचा बेन गिबर्ड. जिमी यंत्रावर ठेके नि सुरावटी रचून पोस्टानं पाठवायचा. बेन त्यावर चाल, शब्द, मधूनच गिटार चढवून पाकीट परत धाडायचा. म्हणून हे नाव.

मला वाटतं, यातला मोकळेपणा पोस्टाचीच देणगी. समोरासमोर बसलं की आपण दुसऱ्याचं वाक्य मध्येच पुरं करतो. पाकीट चिकटवलं की हात बांधलेले. याच अल्बममधल्या 'नथिंग बेटर' गाण्यात तर बेन गयावया करतो आणि गायिका जेन वूड त्याचा एकेक मुद्दा थंडपणे खोडून काढते. उलटटपाली उत्तर म्हणतात ते हेच!

पुढची गंमत म्हणजे, नाव आमचं आहे म्हणून अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांना नोटीस धाडली. मग तडजोड झाली: नाव वापरा, पण टपालाचा प्रचार करा आणि आमच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत वाजवा. शिवाय खात्यानं आपल्या वेबसाइटवर अल्बम विकायलाही ठेवला. सरकारी खात्यात एवढी रसिकता? मी दोनदा वाचून खात्री केली.

नंतर खोलीत बसून लॅपटॉपवर हळवी गाणी करणारे पुष्कळ आले. २००९ मध्ये आउल सिटीचं 'फायरफ्लाइज' गाजलं तेव्हा कित्येकांना आधी हाच अल्बम आठवला, काहींना तर रागानंच. इकडे दोघांनी दुसरा अल्बम काही केला नाही. २०२३ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून तोच अख्खा वाजवत फिरले.

नवा इअरफोन मागवलाय, तीन दिवस लागतील म्हणे. तोवर मी उजवाच कधी या कानात, कधी त्या कानात घालून बघते.