रॉयल माइलवरचे किल्ट आणि खरा स्कॉटिश शिपाई

एडिंबरोच्या रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर पावलोपावली किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे चौकड्यांचे घागरे, टांगलेले. आडनाव सांगा, तुमच्या कुळाच्या चौकड्या काढून देतो म्हणतात. जोशी-कुलकर्ण्यांनाही एखादं कुळ चिकटवतील. गर्दी मी सहन करतो. डोकं फिरतं ते हाच किल्ट 'सतराव्या शतकातल्या सैनिकाचा' म्हणून खपवतात तेव्हा. आखूड किल्ट अठराव्या शतकातला, कुळवार चौकड्यांचं कोष्टक त्याच्याही नंतरचं.

सतराव्या शतकातले बहुतेक शिपाई सखल भागातले, लोलँड्सचे. काळी-पांढरी लोकर न रंगवता मिसळून विणलेला राखाडी कोट, विजार, मोजे आणि निळी बॉनेट, म्हणजे चपटी लोकरी टोपी. बॉनेट मुद्दाम मोठी, सैल विणायची, मग गरम पाण्यात मळून-बडवून आटवायची. वीण मिटून ती घोंगडीसारखी घट्ट झाली की पाऊस सहसा आत उतरत नाही. आपला-परका ओळखायला खुणा लागत: १६४४ मध्ये ॲबरडीनच्या लढाईत राजाच्या बाजूचा सेनापती मॉन्ट्रोझ याच्या माणसांनी ओटच्या लोंब्या खोवल्या होत्या.

मधले दिवस पावसात वाहून गेले. पिटलॉख्रीला उतरून किलिक्रँकीची खिंड गाठली.

इथे लढलेल्या हायलँडरांचा, म्हणजे डोंगराळ भागातल्या लोकांचा, बेल्टेड प्लेड म्हणजे न शिवलेलं वस्त्र. माग अरुंद, म्हणून पाऊण मीटरच्या आतले दोन पट्टे लांबीत जोडायचे. लांबी चार-पाच मीटर. नेसायची एक रीत अशी: जमिनीवर पट्टा, त्यावर आडवं कापड, मधोमध चुण्या, दोन्ही टोकांना पोट झाकेल एवढा भाग सपाट. खालची कड गुडघ्यामागच्या खळगीशी येईल असं आडवं व्हायचं, टोकं पोटावर एकावर एक घ्यायची, पट्टा आवळून उठायचं. कड खाली उतरली तर ओली लोकर पोटऱ्या सोलते. पट्टा सैल राहिला तर चुण्या पुढे सरकून पायात येतात. वरचा भाग खांद्यावर, पावसात डोक्यावर, रात्री तेच पांघरूण.

२७ जुलै १६८९ ला त्यांचा सेनापती डंडी याची माणसं सूर्य कलेपर्यंत या उतारावर थांबली, मग प्लेड टाकून नुसत्या सदऱ्यांत धावली. पट्टा सोडला की सगळं गळून पडतं, हाच त्याचा फायदा. समोरच्या सरकारी शिपायांची संगीन बंदुकीच्या नळीतच खोचायची. ती बसवली की गोळी झाडणं बंद.

दुकानात काही घ्यायचंच असेल तर जाड लोकरीचं सलग, न शिवलेलं कापड मागा. दुकानदार नाक मुरडतो.