आमची वाटचाल: ‘एकदम क्लीन आहे साहेब’

पुण्यात तापकीर गल्लीमागच्या बोळात दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा सोल्डरिंग गन, दोन स्टुलं आणि उधारीची वही एवढंच भांडवल होतं. जुने लॅपटॉप घ्यायचे, रॅम वाढवायची, फॉरमॅट मारून विकायचे. "एकदम क्लीन आहे साहेब," हे आमचं ठरलेलं वाक्य.

ते खोटं पाडलं एका निवृत्त मास्तरांनी. नातवाचे फोटो चुकून उडाले म्हणून त्यांच्या पुतण्याने रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. फोटो आले, पण सोबत भलत्याच घरातलं बरंच काही वर आलं: पॅन कार्डाचं स्कॅन, फॉर्म १६, मुलीच्या साखरपुड्याचे फोटो. लॅपटॉप काउंटरवर ठेवत मास्तर म्हणाले, "अहो, यात कुणाचा तरी संसार राहिलाय." आधीचा मालकही आमचंच गिऱ्हाईक. त्यांना फोन करताना घशाला कोरड पडली होती.

क्विक फॉरमॅटने अनुक्रमणिका जाते, पानं तिथेच राहतात, हे आम्हाला तोंडपाठ होतं. तरी तेच करायचो, कारण मिनिटात उरकतं. २००३ मध्ये एमआयटीच्या गारफिंकेल आणि शेलाट यांनी १५८ जुन्या हार्डडिस्कचा अभ्यास छापला. चालू असलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२. म्हणजे गाढवपणा आमचा एकट्याचा नव्हता. तेवढंच समाधान!

आता प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यांनी भरतो. एक टीबीला तीनेक तास लागतात, म्हणून ते काम रात्रीचं. एसएसडीचं, म्हणजे फिरत्या चुंबकी तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित निराळं. तिचा कंट्रोलर (आतली कारभारी चिप) डेटा स्वतःच्या मर्जीने इकडेतिकडे ठेवतो, काही जागा राखीव असते. वरून कितीही लिहा, सगळीकडे पोचेलच असं नाही. तिथे ड्राइव्हची स्वतःची सिक्युअर इरेज कमांडच द्यावी लागते. बंद पडलेल्या डिस्कला ड्रिल. (स्पीकरचं चुंबक फिरवून आणलंय म्हणणारे अजून येतात. एसएसडीवर!)

या कामाचे वेगळे पैसे घेतो. "डिलीट करायचे कसले पैसे?" असं म्हणून काही गिऱ्हाइकं शेजारी गेली. पण ऑफिसची कामं येऊ लागली. परवा एका सीएंच्या ऑफिसातून जुने पीसी उचलताना कोपऱ्यात मोठं झेरॉक्स मशीन दिसलं, तेही भंगारात निघालेलं. विचारलं, "याची डिस्क काढली का?"

"झेरॉक्सला डिस्क असते?"

आमच्या पोराने मागचं झाकण उघडून डिस्क दाखवली. साहेबांनी स्वतःच खुर्ची पुढे ओढली आणि ती पुसून होईपर्यंत चहा सांगितला. तो चहा तीन वेळा आला.