चिकमगळूर : कॉफीचं फळ चाखायचं तर डिसेंबरात

कर्नाटकातल्या चिकमगळूरला अरेबिका या कॉफीच्या जातीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टा या दुसऱ्या जातीची त्यानंतर. मिरज-हुबळीकडून रेल्वेने कडूर किंवा बिरूरला उतरावं. कडूरहून रस्त्याने सुमारे 40 किलोमीटर. बागा खासगी असतात, मालकाला आधी विचारून जा. वेळ दुपारनंतरची मागा. तोडलेल्या फळांचं वजन तेव्हा होतं आणि पल्पर, म्हणजे फळाची साल काढणारं यंत्र, संध्याकाळी सुरू होतो. सकाळी जाऊन परतणाऱ्यांना नुसती झाडं दिसतात.

एकाच घोसात हिरवी, पिवळट, लाल फळं असतात, म्हणून तीन-चार फेऱ्यांत तोडणी होते. गडद लाल फळ चिमटीत दाबा : बिया सुळकन बाहेर आल्या की पिकलं. गर अगदी पातळ, पण चव गोड. बी चावू नका. मग एक हिरवं फळ दाबून पाहा. ते तसंच घट्ट राहतं, पल्परमध्ये चेचतं आणि त्याची बी भाजल्यावरही फिकट राहते. अशा मूठभर बियांनी कपात कच्च्या शेंगदाण्यासारखी, कागदी चव येते.

आता खळ्यावर. इथे फळातून बी काढायच्या दोन रीती. पहिली ‘धुतलेल्या’ कॉफीची : साल त्याच दिवशी निघते आणि उरलेला बुळबुळीत थर टाकीत 24 ते 36 तास आंबवून सुटा करतात. बिया चोळल्यावर खड्यांसारख्या खरखरल्या की लगेच धुवायच्या. उशीर झाला की व्हिनेगरसारखा वास बीतच बसतो, भाजून जात नाही. नीट जमलं तर चव स्वच्छ, आम्लता उठावदार.

दुसरी रीत अख्खं फळ वाळवण्याची. उन्हात 12 ते 15 दिवस, थर 8 सेंटीमीटरपेक्षा जाड नको, दिवसभर उलथापालथ. ढगाळ हवेत ढीग राहिला की बुरशी. मूठभर फळं कानाशी हलवा, आत बी खुळखुळली की वाळत आलं. या कॉफीला फळाचा, किंचित मद्याचा गंध येतो. गराची साखर बीत झिरपते असं तिथे हमखास ऐकायला मिळेल. प्रकरण इतकं सरळ नाही, आंबताना तयार होणाऱ्या गंधद्रव्यांचा वाटा मोठा आहे.

साधारण 6 किलो फळांतून 1 किलो कच्ची बी मिळते. भावावर घासाघीस करताना हे ध्यानात असू द्या. पुडीवर ‘प्लांटेशन ए’ म्हणजे धुतलेली अरेबिका, ‘ए’ हा फक्त बीचा आकार. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. पूड घेत असाल तर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के, तेवढं वाचून घ्या.