एक जूनची मुलं

१८ वर्षांखालच्या आरोपींची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य म्हणून बसायला लागल्यापासून एक जूनला जन्मलेल्यांचं मला नवल वाटेनासं झालंय. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्माचा दाखला नाही, गुरुजींनी विचारलं, “कधीचा हाय?” आई गप्प, की पडली एक जून. शाळा जूनला भरते, पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण दिसतात, सगळ्यांचं भागतं.

२०२३च्या उन्हाळ्यात आलेलं प्रकरण असंच. (गाव मुद्दाम सांगत नाही.) मेच्या शेवटी जत्रेत भांडण झालं, कोयता चालला, एक जण मरता मरता वाचला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न. आरोपी दोघं, सख्खे चुलतभाऊ, ऊसतोड्यांची पोरं. एकाला शाळेच्या दाखल्याप्रमाणे १८ पूर्ण व्हायला सहा दिवस कमी, तो आमच्यापुढं. दुसऱ्याला १८ होऊन वर्ष होत आलेलं, तो जिल्हा कारागृहात.

आमच्याकडे जास्तीत जास्त शिक्षा म्हणजे तीन वर्षं विशेष गृह. तिकडे सत्र न्यायालयात, जखम झालेली असली तर ३०७ला जन्मठेपेपर्यंत. १६ ते १८मधल्या मुलांना प्रौढांसारखं चालवता येतं, पण त्यासाठी गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा हवी. ३०७ला किमान शिक्षाच नव्हती. त्यामुळे सगळा खटला त्या सहा दिवसांवर येऊन ठेपला.

फिर्यादीचे वकील वय ठरवायच्या हाडांच्या चाचणीवर अडून बसले. “मिशा बघा साहेब याच्या!” मॅजिस्ट्रेटसाहेबांनी २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९४ पुढं ठेवलं. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच डॉक्टर. मला हा क्रम पटतो. एक्स-रेवरून काढलेलं वय दोनेक वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं. सहा दिवसांचा निवाडा त्यावर काय करणार?

मुख्याध्यापक दाखल-खारीज रजिस्टर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. लाल कापडी बांधणी, कोपरे वाळवीनं खाल्लेले. त्यांनी पान उघडून माझ्याकडे सरकवलं. जन्मतारखेच्या रकान्यात वर एकदा ‘१ जून’ आणि खाली ओळीनं नुसती ‘,,’ ‘,,’ ‘,,’. अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. आमच्या मुलाचं नाव मधेच कुठंतरी.

मग वकिलांनी आईला विचारलं, “बाई, मुलगा कधीचा?”

“कारखान्यावर झाला सायेब. कोपीत. लई थंडी व्हती, संक्रांत झाली व्हती.”

वकील उसळलेच. “म्हणजे जानेवारी! १८ कधीच पूर्ण झालीत.”

“कुठल्या सालची संक्रांत?” साहेबांनी विचारलं.

“ते कुठं ठावं? ह्यो आन् थोरल्या जाऊबाईचा एकाच पट्ट्यातले. पंधरा दिसाचं अंतर.”

पट्टा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, आणि थोरल्या जाऊबाईचा म्हणजे तो कारागृहातला. त्याला दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं होतं. एक जूनच, फक्त साल एक आधीचं. पंधरा दिवसांचं अंतर कागदावर वर्षाचं झालं होतं, आणि ती बाई ते बाजारभाव सांगावा तसं सांगून गेली.

रजिस्टरवर शंका घ्यावी असं खाडाखोडीचं काही नव्हतं. आईची आठवण बिनसालाची. आम्ही तिघांनी मुलगा बालक असल्याचा आदेश दिला. फिर्यादीचा भाऊ दारातून ओरडला, “कोयता धरताना पोरगं नव्हतं का?” त्याचा राग मला कळतो. १९८६च्या कायद्यात मुलग्यांसाठी वयाची रेघ १६वर होती, २०००च्या कायद्यानं ती १८वर नेली. रेघ कुठंही ओढा, तिच्या अलीकडे-पलीकडे सहा दिवसांवर कुणीतरी उभं असणारच.

पोराचा चुलता, म्हणजे कारागृहातल्याचा बाप, बाहेर थांबला होता. “ताई, आमच्याचं काय?” बालक असल्याचा दावा कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर करता येतो. त्याच मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं पुण्यातल्या १९९४च्या हत्याकांडात फाशी झालेल्या कैद्याला सोडलं होतं. राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यावरून तो गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा ठरला, तोवर २८ वर्षं आत काढून झाली होती. पण तिथं कागद त्याच्या बाजूनं बोलत होता. इथं कागदच विरोधात.

तरी त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे पाठवलं. पोरगा आधी एखाद्या साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुलांसाठी कारखान्यावर भरणाऱ्या शाळेत, बसला असेल तर तिथली नोंद शोधा, असंही सांगितलं. साखरशाळा कधीच बंद पडली होती, रजिस्टर कुठं गेलं ते कुणालाच सांगता येईना. सत्र न्यायालयानं उपलब्ध दाखल्यावरून अर्ज फेटाळला. आमच्याकडचा मुलगा जामिनावर सुटून आता आयटीआयला आहे.